नळाच्या कामानंतर बुजवलेल्या खाचेवर पुन्हा पुन्हा भेग का पडते आणि ती कायमची कशी घालवावी

समस्या अशी आहे. बाथरूमची जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाइन गंजली म्हणून सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) नवी लाइन टाकली जाते. त्यासाठी झोपण्याच्या खोलीच्या बाजूने भिंतीत खाच मारली जाते, पाइप बसल्यावर ती छपाई (प्लास्टर) करून बुजवली जाते, वर पुट्टी आणि रंग होतो, आणि सहा-आठ महिन्यांत खाचेच्या नेमक्या मार्गावरून भेग उमटते. रंगारी ती पुट्टीने भरतो. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा दिसते. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातील आमच्या फ्लॅटमध्ये हा प्रकार सलग तीन वर्षे चालला आणि तिन्ही वेळा आम्ही भेगेवर खर्च केला, खाचेकडे कोणी पाहिलेच नाही. चौथ्या वेळी खाच पूर्ण उघडली तेव्हा आत जे सापडले, त्यावरून आणि नंतर नात्यागोत्यातील चार-पाच घरांच्या भिंती पाहून जे समजले, त्यावरून हे लिहीत आहे.

बुजवलेली खाच म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन गोष्टींचा सांधा असतो: वर्षानुवर्षे सुकलेली जुनी वीट, उष्णतेने लांबणारा प्लास्टिकचा पाइप आणि सुकताना आकसणारा नवा माल, म्हणजे सिमेंट-रेतीचे मिश्रण. या तिघांपैकी कोण त्रास देत आहे हे ठरवल्याशिवाय पुट्टीचा डबा उघडू नये.

भेगेचा आकार पाहावा

खाचेच्या दोन्ही कडांवरून दोन समांतर भेगा गेल्या असतील, तर नव्या मालाने जुन्या छपाईची कड पकडलेली नाही आणि सुकताना तो आत ओढला गेला आहे, असे समजावे. खाचेच्या मधोमध एकच सरळ भेग असेल, तर पाइपवरचा माल फार पातळ आहे किंवा पाइप आत हलतो आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा सगळ्या पट्ट्यावर पसरल्या असतील, तर मालात सिमेंट जास्त पडले आहे किंवा पाणी मारण्यात कुचराई झाली आहे. रंग फुगून पोपडे निघत असतील आणि खाली पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर प्रश्न भेगेचा नसून ओलीचा आहे.

एक भेग मात्र या सगळ्यांपासून वेगळी काढली पाहिजे. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर जाणारी आणि एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती असणारी भेग प्लंबरच्या नावावर टाकू नये. नागपूरच्या बऱ्याच भागांत पायाखाली काळी माती आहे; ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असला तर भिंतीला सोबत ओढते. अशा भेगेवर दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून, अंतर मोजून, तारीख लिहून ठेवावी आणि अंतर वाढत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. तो विषय या लेखापुरता इथेच सोडतो.

ओल आहे का, आणि कुठून

भिंतीत ओल असताना केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही, म्हणून ही तपासणी सर्वांत आधी करावी. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा संशयित जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते खोलीतील हवेचे आहे.

ही शेवटची शक्यता नागपूरकरांनी हसण्यावारी नेऊ नये. मे महिन्यात खोलीच्या खिडकीत कूलर दिवसरात्र चालतो, खोलीचे दार बंद असते आणि आतली हवा इतकी दमट होते की कपाटातील कपडेसुद्धा ओलसर लागतात. कूलर आणखी एका प्रकारेही फसवतो. माझ्या आतेभावाने बाथरूमच्या लाइनवर संशय घेऊन दोन टाइल फोडल्या. ओल येत होती ती कूलरच्या टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीच्या ढिल्या क्लिपमधून, खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडेने, थेंबाथेंबाने. टाइल त्याच रंगाच्या मिळाल्या नाहीत हे वेगळेच.

पाणी भिंतीतूनच येत असेल, तर ते पुरवठ्याच्या लाइनचे आहे की सांडपाण्याचे, हे ओल दिसण्याच्या वेळेवरून कळते. पुरवठ्याच्या लाइनमध्ये दाब सतत असतो, त्यामुळे गावाला जाऊन आठ दिवसांनी परतलो तरी ओल तशीच असते किंवा वाढलेली असते. सांडपाण्याची लाइन किंवा टाइलचे सांधे झिरपत असतील, तर बाथरूम वापरात नसताना ओल आटते आणि वापर सुरू झाला की दोन दिवसांत परत येते. पहिल्या प्रकारात सगळे नळ बंद करून, टाकीत वरून येणारे पाणी थांबवून, रात्री टाकीतील पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती तपासावी. अनेक फ्लॅटची सामाईक टाकी असेल तर आपल्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करून प्लंबरकडील दाब-चाचणीचा हातपंप लावणे हाच मार्ग आहे. दुसऱ्या प्रकारात न्हाणीच्या जाळीचे तोंड कापडाच्या बोळ्याने आणि प्लास्टिकने बंद करून, जमिनीवर दोन बोटे पाणी साठवून एक दिवस पाहावे.

या दाब-चाचणीबद्दल एक तक्रार आहे. लाइन टाकल्यावर प्लंबर नळ उघडून पाणी येते का ते दाखवतो आणि तेवढ्यावर चाचणी संपते. नळ उघडा असताना लाइनमधील दाब उतरलेला असतो. दहा मीटर उंचीवरची टाकी बंद लाइनमध्ये जेमतेम चौरस सेंटिमीटरला एक किलो इतका दाब देते आणि वरच्या मजल्यांवर तर तोही मिळत नाही. एवढ्या दाबावर कच्चा सांधा महिनोन्‌महिने केवळ पाझरत राहतो. सॉल्व्हंटने जोडलेले सांधे किमान एक दिवस वाळू देऊन, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने भरावा आणि काटा तासभर जागचा हलत नाही हे स्वतः पाहिल्यावरच खाच बुजवण्यास परवानगी द्यावी. आमच्या पहिल्या प्लंबरने याला नकार दिला होता आणि आम्ही ऐकून घेतले.

गळती सापडून दुरुस्त झाली तरी भिंत लगेच सुकत नाही. वीटकामाच्या सुकण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच जाडी असा धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो वेग वाढतो, जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ थांबतो. या काळात पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवावी. वर येणारा पांढरा खार काथ्याच्या कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा विटेत शिरतो. खोलीच्या बाजूने वॉटरप्रूफ रंग लावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण पाणी आतच कोंडले जाते आणि दोन फूट पलीकडे, जिथे रंग साधा आहे, तिथे डोके काढते.

टिचकीची परीक्षा

आमच्या भिंतीत ओल नव्हती. चौथ्या वेळी आलेले वयस्कर मिस्त्री कामठीकडचे होते. त्यांनी पिशवीतून काहीही काढले नाही. खिशातील दहा रुपयांचे नाणे काढून ते भेगेच्या वरून खालपर्यंत टकटक करीत नेले. साबूत छपाईवर आवाज टणक येत होता, खाचेच्या पट्ट्यावर आला की बद्द होत होता, आणि एका ठिकाणी तर रिकाम्या डब्यावर वाजवावे तसा. मग त्यांनी भेगेत छन्नीचे टोक घालून हलकेच उचकटले. हातभर लांबीची अखंड खपली निघून हातात आली. तिची आतली बाजू गुळगुळीत होती. विटेचा एक कणही तिला चिकटलेला नव्हता. त्यांनी मागचा माल दोन बोटांत चोळला, तो रांगोळीसारखा गळाला. "भाऊ, याच्यात सिमेंट आहे, पण पाणी कुठं भेटलं त्याला?" एवढेच ते म्हणाले.

त्या एका वाक्यात नागपुरातील निम्म्याहून अधिक अशा भेगांचे कारण आहे, असे माझे मत झाले आहे. आमचे मूळ काम नवतपाच्या, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या दिवसांत झाले होते. पारा पंचेचाळिशीच्या घरात, कोरड्या विटा, त्यावर न शिंपडता थेट लावलेला माल. वीट स्पंजासारखी असते. तिने मालातील पाणी काही मिनिटांत शोषून घेतले. सिमेंट सुकल्याने घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते आणि त्यासाठी त्याला दिवसचे दिवस ओलावा लागतो. तो न मिळाल्यास वरून कडक दिसणारी खपली आतून भुसभुशीत राहते. त्यातच, पाइप आणि विटेमधील पोकळीत विटांचे तुकडे आणि जुन्या छपाईचा मलबा कोंबून वर माल थापलेला होता. लपवायचे असले की मलबा फार उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट सापडली. पाइप जागेवर धरून ठेवण्यासाठी प्लंबरने दर दोन फुटांवर पीओपीचे गोळे लावलेले होते. पीओपी लवकर आवळते म्हणून ही पद्धत सर्रास दिसते, पण पीओपी म्हणजे जिप्सम. ओल लागली की ते मऊ पडते, आणि जीआय पाइप किंवा लोखंडी क्लिप त्याच्या संपर्कात असेल तर ओलीत ती गंजून भिंतीवर तपकिरी डाग येतो. पाइपला क्लिप किंवा सिमेंटच्या मालाची टेकणेच द्यावीत.

पाइपची हालचाल आणि खाचेची खोली

सीपीव्हीसी पाइप तापमानाच्या दर अंशाला, दर मीटरला साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर लांबतो; म्हणजे पोलादाच्या पाचपटींहून अधिक. गिझरपासून अडीच मीटर जाणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनमध्ये पाण्याचे तापमान २५ वरून ६० अंशांवर गेले, तर पाइपला पाच ते सहा मिलिमीटर लांब व्हायचे असते. मालाने त्याला घट्ट जखडले असेल तर तो जोर वळणांवर आणि मधल्या पातळ थरावर येतो. आपल्याकडे हा प्रश्न फक्त गिझरपुरता नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरील काळ्या टाकीतून येणाऱ्या "थंड" पाण्याने हात भाजतो, हे इथे कोणाला सांगायला नको; तीच लाइन जानेवारीच्या पहाटे बर्फासारखी असते. म्हणून दोन्ही लाइनींवर फोमची पातळ नळी चढवावी किंवा निदान नालीदार पुठ्ठा गुंडाळावा, जेणेकरून पाइपला आत सरकण्यास जागा राहील. विशेषतः एल्बो (वळणाचा जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांच्या भोवती ही जागा सोडणे फार आवश्यक आहे.

खाचेच्या खोलीबद्दल भारतीय मानक आयएस १९०५ स्पष्ट आहे: उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी, आडवी खाच शक्यतो टाळावी, आणि भार पेलणाऱ्या अर्ध्या विटेच्या भिंतीत खाच मारूच नये. आता हिशेब पाहा. नऊ इंची भिंतीत, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर जाडीत, आडवी खाच ३८ मिलिमीटरपर्यंत चालते. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असल्याने ती सहज पुरते. साडेचार इंची भिंतीत मात्र आडव्या खाचेची मर्यादा १९ मिलिमीटर येते, म्हणजे पाइपच मावत नाही. मग पाइप अर्धा बाहेर राहतो, त्यावर छपाईचा पापुद्रा उरतो आणि मधोमध भेग पडते. किंवा प्लंबर भिंत आरपार व्हायच्या बेतापर्यंत खोदतो आणि पलीकडची टाइल सुटते. साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची, भिंत भार पेलणारी नसेल तर तिच्यात पाइप उभाच न्यावा आणि आडवा प्रवास छताखालून किंवा टाइलच्या स्कर्टिंगच्या वरून उघडा ठेवावा. दिसायला तो बरा नसतो, हे मान्य आहे. पाइपवर छपाईचा किमान १२ ते १५ मिलिमीटर थर मिळाला पाहिजे, ही अट सोडू नये.

खाच छन्नी-हातोड्याने न मारता आधी कटर मशीनने दोन समांतर रेषा कापून मधला भाग काढावा. हातोड्याच्या दणक्याने दोन्ही बाजूंची जुनी छपाई विटेपासून सुटते आणि ते त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय अॅशच्या विटा पुष्कळ वापरतात. त्यांना हेच लागू आहे. एएसी (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकच्या भिंतीत तर हातोडा लावूच नये.

दुरुस्ती

वेळ निवडता आली तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काम करावे. उन्हाळ्यात करावेच लागले तर सकाळी लवकर सुरू करावे आणि कूलरची हवा थेट ओल्या छपाईवर येणार नाही, पंखा बंद राहील, हे पाहावे. काम सुरू करण्यापूर्वी त्या भिंतीतील वायरिंग कुठून गेले आहे ते तपासून त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडावा.

नाण्याने वाजवून जिथपर्यंत आवाज बद्द येतो तिथपर्यंत सगळे काढून टाकावे; भेग संपली म्हणून थांबू नये. त्यापुढे खाचेच्या दोन्ही बाजूंची चांगली छपाईसुद्धा चार ते सहा इंच रुंदीने काढावी लागते. इथे घरमालक आणि मिस्त्री दोघेही कचरतात, पण जाळी बसवायची तर ती दोन्ही बाजूंच्या विटेवर तेवढी गेली पाहिजे, नाहीतर ती खाचेच्या आतच राहते आणि तिचा उपयोग शून्य. उघडी खाच ब्रशने झाडून धूळ काढावी, पाइपच्या शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकायची वेळ येईल तेव्हा हे फोटो कामास येतील.

आदल्या संध्याकाळी विटांवर पाणी मारावे आणि सकाळी पुन्हा. माल लावताना वीट आतून ओली, पण पृष्ठभागावर पाणी चमकत नाही अशी असावी. एएसी ब्लॉकला मात्र भिजवायचे नसते, नुसते शिंपडायचे असते. विटेवर आणि जुन्या छपाईच्या कडेवर बाँडिंग केमिकल घातलेल्या सिमेंटची पातळ खळ ब्रशने लावावी आणि ती ओली असतानाच माल भरावा. खळ वाळली तर ती चिकटण्याऐवजी सुटका करणारा थर बनते.

मालाचे प्रमाण एकास चार पुरेसे आहे. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती हा समज इथे घातक ठरतो, कारण जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो. नागपुरातील महाल, इतवारी भागांतल्या जुन्या घरांच्या चुन्याच्या भिंतींना तर हे प्रमाणही कडक पडते. तिथे एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असा माल घ्यावा. रेती कन्हान नदीची म्हणून सांगतील, तरी तपासावी: पारदर्शक बाटलीत निम्मी रेती आणि वर चिमूटभर मिठाचे पाणी भरून हलवावे व तीन तास ठेवावे. रेतीवर बसलेला गाळाचा थर रेतीच्या जाडीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती रेती धुऊनच वापरावी. आमच्या बाटलीत बोटभर गाळ बसला होता.

खाच एका दमात भरू नये. पहिल्या थरात पाइपच्या मागची आणि बाजूची पोकळी थापीने दाबून भरावी, मलबा टाकू देऊ नये, थर विटेच्या पातळीपर्यंत आणून खरवडून ठेवावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. मग छपाईचा अर्धा थर लावून त्यात जाळी दाबावी आणि उरलेला थर वरून द्यावा. जाळी थरात मधोमध असली पाहिजे. विटेला चिकटलेली जाळी भेग अडवू शकत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची जस्ती जाळी चालते, पण बाथरूमच्या भिंतीला मी फायबरग्लासची, सिमेंटमध्ये न सडणारी जाळी घेईन. पन्नास किलोच्या सिमेंट गोणीला १२५ ग्रॅमची फायबरची पुडी मालात घातल्यास बारीक भेगा कमी होतात. जुन्या-नव्याचा सांधा लाकडी रंध्याने घोटावा, गुरमाळ्याने चकचकीत करू नये.

दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा दिवस, पाणी मारावे. "दिवसातून दोनदा" हे उत्तर नागपूरच्या उन्हाळ्यात पुरत नाही. भिंत अर्ध्या तासात कोरडी होते. ओले पोते किंवा जुनी चादर भिंतीला लावून वरून प्लास्टिक बांधले, तर तीच माणसे तेवढ्याच कष्टात खरी तराई (माल ओला ठेवणे) करू शकतात.

यानंतर सुमारे चार आठवडे थांबावे लागते. प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा करून, आत दव येत नसेल तरच प्रायमर आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत द्यावी. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर पीओपीची लेव्हल करू देऊ नये. रंग देताना फक्त पट्टा न रंगवता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत रंगवावी. जुना रंग कितीही जपला असला तरी त्याच क्रमांकाची नवी शेड शेजारी वेगळीच दिसते. आम्ही पट्टाच रंगवला. दोन उन्हाळे झाले, भेग आलेली नाही. पट्टा मात्र संध्याकाळच्या तिरप्या उजेडात अजून ओळखू येतो.